धार जाते कुठे?

दिवाळीच्या फराळात चिवड्याचा मान मोठा, आणि चिवड्याची सगळी शोभा सुक्या खोबऱ्याच्या पातळ कापांत. पोहे काय, कुणालाही भाजता येतात. पण वाटीचे कागदासारखे काप पाडायचे म्हटले की घरातल्या सुरीची अब्रू चव्हाट्यावर येते. वर्षभर मुकाट्याने टोमॅटो चेंगरणारी आणि कोथिंबीर ठेचणारी ती सुरी खोबऱ्याच्या कठीण पाठीवरून सटकन घसरते. घसरली की ती कुठे जाते, हे सुज्ञ वाचकांना सांगायला नको.

आमच्या आजोळी ती मामीच्या डाव्या हाताच्या तर्जनीत गेली.

आजोळ पहूरचे. जळगावहून अजिंठ्याच्या लेण्यांकडे निघालेल्या वाचकांनी हे गाव पाहिले असेल. वाघूर नदीच्या काठचे, पेठ आणि कसबे अशा दोन वस्त्यांचे. आम्ही राहायचो पाचोऱ्याला. तिथून जामनेरला जाणारी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी होती. शेंदुर्णी मागे पडली की आम्ही पोरे दारात गर्दी करायचो, आणि पहूर यायच्या आत आईचे दोन धपाटे खायचो. ती गाडी २०२० साली, कोरोनाच्या टाळेबंदीत थांबली. पण मी सांगतो आहे ती गोष्ट १९६५ च्या सुमाराची. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो.

वसुबारसेचा दिवस होता. ओसरीवर मामी खोबरे कापायला बसली होती. सुरी घरातलीच, लोखंडी पात्याची, बाभळीच्या मुठीची, आणि धारेच्या नावाने शून्य. मामी सगळे अंग तिच्यावर टाकून दाबत होती. एकदा दाबले, दोनदा दाबले, तिसऱ्या वेळी वाटी फिरली आणि सुरी सुटली. रक्त पाहून आम्ही पोरे भेदरून अंगणात पळालो. डॉक्टरांनी टाके घातले, जखम भरली. पण आतली शीर तुटली होती. ते बोट पुढे कधीच वळले नाही. भाकरी थापताना ते तेवढे एक बोट ताठ उभे राहायचे. मामी कधी कुरकुरली नाही, पण आजीच्या डोळ्यांना ते रोज टोचत राहिले. कारण ती सुरी बोथट आहे हे आजीला माहीत होते. "लहान पोरे आहेत घरात, धार नकोच," असे तीच म्हणत आली होती.

बाजाराच्या टोकाशी

आजी माळकरी. आठवड्याच्या बाजारात मटणाच्या दुकानांची रांग बाजाराच्या पार टोकाला असे. तिकडून जायची वेळ आलीच, तर आजी नाकाला पदर लावून झपझप पाय उचलायची. त्या दिवाळीनंतरच्या पहिल्याच बाजाराला मात्र ती मला घेऊन थेट तिथे गेली आणि एका म्हाताऱ्या खाटकासमोर उभी राहिली. तो दचकला. "माय, वाट चुकली का?" म्हणाला.

आजी म्हणाली, "वाट नाही चुकले, दादा. एक विचारायचे आहे. तुमच्या हातात दिवसभर सुरी. कधी लागत कशी नाही?"

म्हातारा हसला. म्हणाला, "लागते ती बोथट सुरी, माय. धारेची सुरी आपण सांगू तशी चालते. बोथट सुरी तिच्या मनाने चालते."

मग त्याने कमरेला लटकवलेली एक गोल पोलादी सळई काढली. हातभर लांब, लाकडी मुठीची. तिच्यावर त्याने सुरी ओढली, एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने. सर्र, सर्र, सर्र, सर्र. पाच-सहा वेळा झाले की फडक्याला पुसली आणि पुन्हा कामाला लागला. थोड्या वेळाने परत तेच. आजीने विचारले, "इतक्यातच धार गेली?"

"गेली नाही माय, वाकली. गेली असती तर दगडावर न्यावी लागली असती. वाकली ती सळईने सरळ करायची."

हे एक वाक्य आजीने पदरात बांधून आणले. तशी सळई मात्र आमच्याकडे विकत मिळत नव्हती. त्यावरही तोड म्हाताऱ्यानेच सांगितली. लोहाराकडे झिजलेली गोल कानस असते, तिचे दात घासून गुळगुळीत करून घ्यायचे. घासताना ती सारखी पाण्यात बुडवायची, तापू द्यायची नाही, नाही तर पोलादाचे पाणी उतरते. पुढच्या आठवड्यात सळई घरी आली. दिवाळखोबणीत तेलाच्या बुधलीशेजारी तिची जागा ठरली. रोज सकाळी भाजी चिरायच्या आधी आजीच्या हातून ते सर्र सर्र ऐकू येऊ लागले. गळ्यातली माळ जागच्या जागी राहिली आणि सळईही. कुणी विचारले, की कुठून शिकलीस, तर ती सरळ सांगायची, "बाजारातल्या खाटीकदादांकडून." शेजारणी चपापायच्या. पण महिन्याभरात त्याच शेजारणी आपापल्या सुऱ्या घेऊन आमच्या ओसरीवर यायच्या.

वाकते म्हणजे काय?

आता त्या म्हाताऱ्याच्या बोलण्यातले शास्त्र पाहू. सुरीची धार म्हणजे पात्याच्या दोन उतरत्या बाजू जिथे मिळतात ती रेघ. चांगल्या धारेच्या सुरीत ही रेघ केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या-शंभराव्या हिश्शाइतकी बारीक असते. इतके बारीक पोलाद ताठ कसे राहणार? पाटावर आपटले, हाडाला किंवा आठळीला लागले, की ते कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे कलते. धार जागेवरच असते, पण तिचे तोंड फिरलेले असते. सुरी मग कापत नाही, चेंगरते. अशा वेळी तिच्याहून कठीण पोलादाच्या सळईवरून ती हलकेच ओढली, की कललेली कड पुन्हा मध्यरेषेवर येते. थोडी झीज होते, नाही असे नाही. पण दगडावर किंवा चाकावर होते तिच्या मानाने ती नगण्य.

"पण मी तर वांगी-भोपळेच चिरते, हाडे कुठे तोडते?" असे एखादी वाचक भगिनी म्हणेल. तिच्यासाठी एक गंमत सांगतो. अमेरिकेतील एमआयटी या प्रख्यात तंत्रसंस्थेतील संशोधकांनी २०२० साली दाढीच्या पात्यांचा अभ्यास केला. माणसाचा केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ. तरीही त्या मऊ केसाने पोलादी पात्याच्या कडेचे बारीक टवके उडतात, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. केस तिरपा वाकला आणि कडेच्या एखाद्या कच्च्या जागी भिडला, की तिथला कण निघून येतो. केसाची ही कथा, तर आमच्या खानदेशातल्या वांग्याचे देठ आणि वाळक्या मिरच्या सुरीला सोडतील होय?

त्यात लिंबू, चिंच, कैरी यांचा आंबटपणा आहे. कैरी चिरून सुरी तशीच ओली ठेवली, की साध्या पोलादाची कड रातोरात गंजून खडबडीत होते. कच्च्या केळ्याचा चीक वाळला की पात्यावर काळा थर बसतो. ज्या जिल्ह्याच्या केळ्याला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्या सुरीने या दोघांशी तरी जमवून घ्यायलाच हवे. त्यावर उपाय एकच. काम झाले की सुरी लगेच धुवायची आणि लगेच पुसायची.

कांद्याचेही ऐका. २०२५ साली कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी कांदा कापताना वेगवान कॅमेऱ्याने चित्रे घेतली. बोथट पात्याखाली कांद्याची साल आधी दबते, आत रसाचा दाब साठतो, आणि मग फुटताच बारीक थेंबांचा फवारा वर उडतो. धारदार पात्याने थेंब कमी उडतात आणि हळू उडतात. म्हणजे कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येते, त्यात कांद्याइतकाच दोष आपल्या सुरीचा!

पिढीजात धारवाले

सळईचे काम संपते तिथे दगडाचे सुरू होते, आणि दगडावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पोट भरणारी माणसे आहेत. 'सैकल' म्हणजे चकाकी, जिल्हई. या अरबी शब्दावरून शिकलगार हे नाव आले. तलवारी, कट्यारी, भाल्यांची पाती पाजळणे हा त्यांचा धंदा. इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा केला आणि तलवारींवर बंधने आली. तलवारीवरचे हात मग सुऱ्या, कात्र्या आणि अडकित्ते यांच्याकडे वळले. सांगली-कोल्हापूरकडे शिकलगार हे आडनाव आजही भेटते.

त्यांचे जुने चाक लाखेत कुरुंदाची पूड मिसळून केलेले असे. हा कुरुंद शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे. इंग्रजीत या खनिजाला कोरंडम म्हणतात, आणि ते नाव आपल्याच देशातून गेलेले आहे. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अॅचिसन याने विजेच्या भट्टीत एक नवे कठीण द्रव्य केले. कार्बन आणि कोरंडम यांचा हा संयोग असावा, असे समजून त्याने त्याला कार्बोरंडम असे नाव दिले. ती समजूत चुकीची निघाली, पण नाव टिकले. १९५४ साली मद्रासेत कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी निघाली. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने बारीक कणांचा करडा दगड तो याच द्रव्याचा.

सायकलवर चाक बसवून गल्लोगल्ली "धाऽऽर" अशी आरोळी देणारा माणूस आता क्वचित दिसतो. लहानपणी त्याच्या चाकातून उडणाऱ्या ठिणग्या पाहायला आम्ही जेवण टाकून धावायचो. त्या ठिणग्या म्हणजे आपल्याच सुरीचे जळणारे पोलाद, हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली. जाणता कारागीर हात हलका ठेवतो आणि पाते तापू देत नाही. अडाणी हात दाबून धरतो. मग कडेवर निळी झाक दिसू लागते. ही झाक पोलाद सुमारे ३०० अंश तापल्याची खूण. तेवढ्या उष्णतेने पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि त्या जागी पुढे धार टिकत नाही. म्हणून धार लावायला दिलीत तर शेजारी उभे राहा, आणि पाते अधूनमधून पाण्यात बुडवायला सांगा. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही.

सळई कशी चालवावी

आज सळई कोणत्याही मोठ्या भांड्यांच्या दुकानात मिळते. घेताना बारीक उभ्या रेघांची किंवा अगदी गुळगुळीत पोलादी सळई घ्यावी. लांबी आपल्या सर्वांत मोठ्या सुरीच्या पात्याहून थोडी जास्त असावी, आणि मुठीपाशी हाताला आडोसा असावा. हिऱ्याच्या पुडीची किंवा चिनी मातीसारख्या पांढऱ्या द्रव्याची सळईही मिळते. पण या दोन्ही पोलाद खातात, त्यामुळे त्या रोज वापरू नयेत.

खाटीक सळई हवेत धरतो आणि सुरी विजेसारखी फिरवतो. ते पाहायला छान, करायला नको. आपण अशी रीत ठेवावी:

ओट्यावर किंवा पाटावर ओले फडके घडी करून ठेवा. सळईचे टोक त्यावर टेकवा आणि सळई सरळ उभी धरा. सुरीची धार सळईला लावा, पाते आडवे ठेवून. म्हणजे काटकोन झाला. तो कोन निम्मा करा. पुन्हा निम्मा करा. उरला तो सुमारे २२ अंशांचा कोन, आणि घरगुती सुरीला तोच हवा. कोनमापक लागत नाही.

आता सळईची पातळ साल काढायची आहे अशा बेताने सुरी वरून खाली आणा, आणि आणता आणता आपल्याकडे ओढा. सुरुवात मुठीजवळच्या भागाने करा, शेवट टोकाने. मग सळईच्या पलीकडच्या बाजूने पात्याचे दुसरे अंग. असे आळीपाळीने प्रत्येक अंगाला चार-पाच वेळा. जोर लावू नका, सुरीच्या वजनाइतका भार पुरे. घाईही करू नका. वेगाने धार येत नाही, एकसारख्या कोनाने येते. शेवटी पाते पाठीकडून ओल्या फडक्याने पुसा, म्हणजे पोलादाची कीस भाजीत जाणार नाही. सळईही अधूनमधून धुऊन कोरडी करा. तिला तेल लावू नका; रेघांत घाण बसते.

विळी असेल तर उलट करायचे. विळी जमिनीवर घट्ट, पाटावर पाय, आणि सळई हातात. विळीच्या धारेवरून सळई पात्याच्या पाठीकडे उतरवायची, बुडापासून टोकापर्यंत, दोन्ही अंगांनी. इथे हात धारेसमोर असतो, म्हणून आडोशाची मूठ हवीच, आणि लहान मुले जवळपास नकोत.

दातेरी पात्याच्या पावाच्या सुरीला सळई लावू नये. जपानी घडणीच्या फार कठीण सुऱ्याही वगळाव्या. त्यांची कड सळईवर वाकत नाही, तुटते. आपल्या नेहमीच्या स्टेनलेस सुरीला मात्र सळई मानवते. १९१३ साली शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारे पोलाद केले, तेव्हा 'न कापणारी सुरी' अशी त्याची थट्टा झाली होती. आज त्या पोलादात पुष्कळ सुधारणा झाली आहे. तरी स्वस्त स्टेनलेस सुरी मऊच असते. ती लवकर कलते आणि सळईने तितक्याच लवकर सरळही होते.

धार आहे की नाही?

अंगठा कडेवरून फिरवून धार पाहणे ही वाईट खोड आहे. त्यापेक्षा सुरीची धार वर करून दिव्याखाली धरा आणि पाहा. चांगल्या धारेला प्रकाश परतवण्याइतकी रुंदीच नसते, त्यामुळे ती दिसत नाही. कुठे पांढरी रेघ किंवा ठिपका चमकला, तर तिथे ती बोथट आहे. दुसरी परीक्षा पिकलेल्या टोमॅटोची. सुरी नुसती ठेवून ओढली आणि साल उघडली, तर धार आहे. दाबावे लागले, तर सळई काढा. सळईनेही फरक पडला नाही, तर मात्र कड झिजून गोल झाली आहे असे समजा आणि दगडाकडे वळा. रोज सळई लावणाऱ्या घराला वर्षातून दोन-तीनदा दगड पुरतो.

सर्वांत मोठा शत्रू मात्र आपणच ओट्यावर मांडलेला असतो. काचेचा पाट, संगमरवराचा तुकडा, स्टीलचे ताट यांच्यावर चिरणे म्हणजे सुरी दगडावर आपटणेच. चिरायला लाकडी पाट घ्यावा. आणि धुतलेली सुरी चमच्यांच्या डब्यात भिरकावू नये. तिला वेगळी जागा द्यावी.

पुन्हा खोबरे

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. कोयता, विळा, सुरी यांना हळदकुंकू वाहतो, झेंडूचे फूल ठेवतो. आजीने त्यात आपली एक रीत घातली होती. आधी सळई, मग कुंकू. "बोथट सुरीला कुंकू लावून काय करायचे?" म्हणायची.

मामी पुढे बरीच वर्षे होती. दर दिवाळीला खोबरे तीच कापायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. ताठ राहिलेले बोट वाटीपासून दूर ठेवून ती इतके पातळ काप पाडायची, की ताटाची नक्षी त्यांतून दिसावी. मी एकदा विचारले, "मामी, भीती नाही वाटत?" तिने सुरी उचलून मला दाखवली आणि म्हणाली, "हिची नाही वाटत. मागचीची वाटायला हवी होती."

कानशीची ती सळई आता माझ्याकडे आहे. मूठ दोनदा बदलली, पोलाद तेच. परवा माझी नात सुट्टीला आली, तेव्हा तिला ओल्या फडक्यावर सळई टेकवायला शिकवले. पहिले चार हात वाकडे गेले, पाचवा बरा गेला. तिची आई आतून ओरडली, "बाबा, तिच्या हातात धारेची सुरी काय देता!"

मी म्हणालो, "बोथट देऊ का मग?"

वाचकहो, हा अंक हाती पडेल तेव्हा तुमच्या घरी पोहे उन्हात पडले असतील, आणि खोबऱ्याच्या वाट्या डब्यातून निघाल्या असतील. कापायला बसण्याआधी दोन मिनिटे काढा. सुरी दिव्याखाली धरून पाहा, आणि पांढरी रेघ दिसली तर वाटी तशीच बाजूला ठेवून आधी सुरीकडे बघा. चिवडा थोडा उशिरा झाला तरी चालेल.